अण्णांची शेवटची हरकत

सन्माननीय अध्यक्षमहोदया, व्यासपीठावरचे मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती आणि आम्हा सगळ्यांचे अण्णा, पहिल्या रांगेतल्या त्यांच्या सौभाग्यवती, म्हणजे आमच्या काकू, आणि चहाच्या टेबलापाशी उभं राहूनच भाषणं ऐकणारे माझे सहकारी,

आपण सगळे इथवर पोचलात याचंच मला कौतुक वाटतं. कारण निमंत्रणपत्रिका आधी अण्णांकडे तपासायला गेली होती. 'सर्वांचे लाडके' यावर शेरा आला: पुरावा नाही, काढा. 'प्रदीर्घ सेवा' गेली, 'हृद्य सोहळा' गेला. शेवटी आपल्या हाती पडलं ते एवढंच, की निवृत्त होणारा माणूस एक, खुर्च्या आहेत, जिना डावीकडे.

ज्यांचा आमच्या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. संगणकाचा कर्नल, म्हणजे सगळं यंत्र हाकणारा मूळ प्रोग्रॅम, तसा आंधळाच. यंत्रात कुठला भाग कुठे जोडलाय, हे त्याला आपणच लिहून द्यायचं. ते वर्णन कसं लिहायचं, याला मंजुरी देणारे अण्णा. एकदा मंजूर झालं की कायमचं, म्हणून अण्णा सहजासहजी मान डोलावत नाहीत. त्यांचा नियम एकच: जे आहे ते लिहा, तुम्हाला काय करायचंय ते लिहू नका.

मी एका छोट्या सर्किट बोर्डावरच्या यूएसबी पोर्टचं वर्णन पाठवलं. त्यात एक ओळ होती, वीज दिल्यावर जरा थांबावं. अण्णांनी विचारलं, थांबणं हा चिपचा स्वभाव, की ती चालवणाऱ्या तुमच्या ड्रायव्हर-प्रोग्रॅमचा आळस? झालं, वाद सुरू. तो चालू असतानाच माझं लग्न झालं, मुलगी झाली. अण्णा तिला बघायला आले. माझी आई कौतुकानं म्हणाली, पोर नाव काढणार. अण्णांनी वाकून नीट पाहिलं आणि म्हणाले, "कान दोन, नाक एक. बाकी अजून सिद्ध व्हायचंय." आई अजून त्यांच्याशी बोलत नाही.

आता माझी अडचण ऐका. उद्यापासून नवे तपासनीस येणार आणि पहिल्यापासून सुरुवात करणार. आमच्या साहेबांनी बजावलंय, आज मंजुरी आणली नाहीस तर बोर्ड अडगळीत आणि तूही. मी विजेचे चढउतार दाखवणारा स्कोप लावून अण्णांना दाखवलं, चिप खरोखरच थांबते. ते म्हणाले, आज समारंभात देतो. मी हवेत तरंगत वर येत होतो, तर काकूंनी जिन्यात गाठलं.

निवृत्तीची तालीम म्हणून अण्णा काही दिवस घरी होते. त्यांनी स्वयंपाकघर तपासायला घेतलं. 'चवीपुरतं मीठ' म्हणजे कोणाच्या चवीपुरतं, असा प्रश्न आला. मसाल्यांच्या कपाटाला तसं म्हणायला हरकत आली, कारण त्यात सुतळीसुद्धा निघाली. हे सांगून काकू म्हणाल्या, "तुझं ते पोर्ट आणखी काही वर्षं रखडव रे बाबा. हे त्यातच गुंतून राहतील, माझं घर वाचेल."

इकडे आड, तिकडे विहीर. त्यातून काकूंच्या हातचं मी किती वेळा जेवलोय.

आणि हे बघा, मी बोलत असतानाच अण्णांनी पुढ्यात चिठ्ठी सरकवली. 'मंजूर.' टाळ्या जरा थांबवा, काकू माझ्याकडे बघताहेत.

अण्णा, मी ऋणी आहे. फक्त एक सांगायचं राहिलं. बोर्डाच्या मागच्या बाजूला, झाकणाखाली, दुसरं पोर्ट आहे. आम्ही ते वापरत नाही, म्हणून लिहिलं नव्हतं.

मागच्या रांगांना ऐकू गेलं नसेल. अण्णा म्हणाले, "वापरत नाही म्हणून ते नाहीसं होत नाही. चिठ्ठी परत दे. उद्या सकाळी घरी ये."

गेली चिठ्ठी. आमच्यात हरकत घ्यायला पद लागत नाही, आणि ती उभी असेपर्यंत नवे तपासनीसही सही करणार नाहीत. साहेब डोक्याला हात लावून बसलेत. काकू एकट्याच टाळ्या वाजवताहेत. अण्णांचा चेहरा मात्र सकाळपासून पहिल्यांदा उजळलाय. नोकरीचं काय होईल ते होवो; अण्णा नसतील तर मी भांडायचं कोणाशी, ही काळजी त्याहून मोठी होती. ती मिटली.

अध्यक्षमहोदयांनी वेळेचं भान सुटू दिलं, आपण शांतपणे ऐकलंत, मनापासून आभार. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर आपण ते पोटात घाला. अण्णांना हे सांगत नाही, ते घालणार नाहीत.