पाणी गुडघ्याएवढं

सून : बाबा! कसला आवाज झाला? पडलात का?

सासरे : मी नाही, शिडी पडली. मधोमध मोडली मेली.

सून : अगं बाई! लागलं का कुठे?

सासरे : ढोपर सोललंय. ते मरू दे. लाईट आली का सांग.

सून : अजून नाही. म्हणून तर विहिरीत उतरलात ना, लाईट यायच्या आत मोटर बघून येतो म्हणत.

सासरे : अक्कल गहाण पडली होती. ऐक नीट. केबलचा जोड उघडा पडलाय. तार पाण्यात आहे, आणि मीही.

सून : म्हणजे लाईट आली की... पण तो डबा आहे ना? पाणी कमी झालं की मोटर बंद करणारा?

सासरे : तो मोटर वाचवतो. माणसाला वाचवणारा स्विच त्याच्या शेजारी होता.

सून : होता?

सासरे : काल दोघांना बगल देऊन तार थेट जोडली. सारखे पडायचे गं. बटण दाबायला पळून पळून जीव गेला. आता लाईट आली की मोटर आपोआप चालू.

सून : बाहेर या ना पाण्यातून! कडेच्या दगडावर चढा!

सासरे : शेवाळ आहे, पाय ठरत नाही. तू मोटरचा मेन स्विच पाड.

सून : मोटरच्या खोलीला कुलूप आहे.

सासरे : हो. किल्ली माझ्या खिशात.

सून : बाबा!

सासरे : ओरडू नकोस, इथे दुप्पट ऐकू येतं. बादली सोड.

सून : सोडली. दिसतेय?

सासरे : जरा डावीकडे. हां, टाकली. ओढ. भिंतीला आपटू नकोस, सांडेल.

सून : मिळाली!

सासरे : रबरी चप्पल घाल, हात कोरडे कर. लाल दांडा खाली, आणि फ्यूज काढून घे. पळ.

(ती धावत जाते. बराच वेळ नुसतं ठिबकणारं पाणी.)

सासरे : झालं का? ...सूनबाई! अगं, ओ तरी दे!

सून : झालं. फ्यूज हातात आहेत माझ्या. शेजारचे काका मोठी शिडी घेऊन निघालेत.

सासरे : आवाज का कापतोय तुझा?

सून : धावले ना.

सासरे : लाईट आली?

सून : ...फ्यूज काढून वळले, तर समोर स्वयंपाकघरातला पंखा फिरत होता.

सासरे : हं.

सून : तो डबा, तो स्विच सारखे का पडतात, ते आधी बघायचं ना!

सासरे : दोघेही खरं सांगत होते गं. जोड उघडा होता, म्हणून स्विच पडायचा. आणि डबा... इथे गुडघ्याएवढंच पाणी उरलंय. झरा आटलाय.

सून : तुम्हाला शंकाही आली नाही?

सासरे : आली होती. म्हणूनच गप्प केलं त्यांना. विहीर आटली म्हटलं की तुम्हा दोघांना घर विकू नका कुठल्या तोंडाने सांगणार?

सून : तो विषय आज नको, बाबा.

सासरे : आजच बोल. आज मी तणतणत उठून जाऊ शकत नाही.

सून : ...नव्या घरात तुमची खोली आधी ठरवली आम्ही. मग आमची.

सासरे : खिडकी आहे?

सून : दोन आहेत.

सासरे : आणि पाणी?

सून : नळ सोडला की येतं. चोवीस तास. बघायलासुद्धा लागत नाही.

सासरे : मग मी दिवसभर करू काय?