आज घरी कसली भाजी केली?

एकलहऱ्याला नवा नोकरीला लागलो, तेव्हा आमच्या खानावळीचे आचारी होते दत्तूअण्णा. भाजी घ्यायचे ती बुधवारी गंगेवरच्या, म्हणजे नदीकाठच्या बाजारातून, थेट शेतकऱ्यांकडूनच. पण भावाआधी प्रत्येकाला एकच प्रश्न, "आज घरी कसली भाजी केली?"

मला काही कळेना. एकदा विचारलंच.

म्हणाले, "अरे, जी स्वतःच्या पोरांना घालतात, तीच घ्यायची!"

एका बुधवारी वांगीवाल्या मावशींनी त्यांनाच उलट विचारलं, "आमी तर आमचीच वांगी खातो. तुमी जेवता का हो तुमच्या खानावळीत?"

अण्णांचा डबा तर रोज घरून यायचा!

दुसऱ्या दिवशी अण्णा आमच्या शेजारी जेवायला बसले. पहिला घास घेतला, तसेच उठले आणि आमटीचं पातेलं परत चुलीवर चढवलं.