गच्चीवरच्या बाटल्या

बाळाच्या लसीच्या रांगेत माझ्यापुढे सासरे आणि सून होते.

“बाबा, मी बाळंतपणात अडकले. तुम्ही गच्चीवरच्या बाटल्या रोज हलवल्या नसत्या, तर माझा प्रयोग बुडालाच होता.”

“पण त्या रंगीत पाण्यात काजळी कशाला गं?”

“काजळी नाही, कार्बनचे अतिसूक्ष्म कण. सोबतची पूड उन्हाच्या जोरावर रंग तोडते. हे कण तिचा जोर टिकवतात.”

“पाणी नितळ झालं, तेव्हा मी घाबरलोच. म्हटलं, सुनेच्या कामाचं वाटोळं केलं!”

“अहो, तेच तर हवं होतं! काल प्रबंध मंजूर झाला. त्यात पहिले आभार तुमचे मानलेत.”

“माझे कशाला? ऊन काय मी पाडलं?”

“ऊन सगळ्यांच्याच गच्चीवर पडतं, बाबा.”