चार परसांची लाट

कन्नडच्या गाडीची वाट पाहत बसस्थानकात बसलो होतो. मागच्या बाकावर एक म्हातारी आणि तिच्या गावची, पुण्यात शिकणारी मुलगी बोलत होत्या.

“सोनिया, माझा सत्यम ज्या दिवशी वादळात जहाजावरून पडला, त्या दिवशीची लाट तुला सापडली म्हनं?”

“व्हय, सरूकाकू. उपग्रह वरून रडारच्या लहरी सोडतो. त्या समुद्रावर आपटून माघारी येतात, त्यावरून लाटेची उंची काढतो आम्ही.”

“ढग असतील की तवा.”

“ढगातूनबी जातात त्या.”

“मग किती व्हती?”

“सात मीटर.”

“मीटर तुझ्याजवळच ठेव. विहिरीसारखं किती परस ते सांग.”

“उभा माणूस म्हणजे एक परस धरला, तर चार परस.”

“चारच?”

“चार, काकू.”

“आपली विहीर चारच परस खणली त्यानं. दोन उन्हाळे, एकट्यानं. खाली खडक लागला, पाणी नाय. तवाच म्हनला, आई, मी जहाजावर जातो.”

“काकू, गाडी लागली.”

“लागू दे. मी उतरलेय त्या विहिरीत. खालून आभाळ लई लांब दिसतं.”