साहेबाची टीम मी परत हलवली

तुम्हाला वाटलं असंल, कतारचा ड्रायव्हर बोलतोय म्हणजे आता उंट येणार, वाळू येणार, आईच्या आठवणीनं डोळं पुसणार. नाय. मी सांगणार अमेरिकेतल्या एका फुटबॉल टीमचा इतिहास, तोंडपाठ हाय, अमेरिकन आवाजासकट.

मी मूळचा विट्याचा. शाळेत हेडमास्तरांचा आवाज काढून अख्खा वर्ग घरी सोडला व्हता, तवापास्नं नाव पडलं नकल्या. इथं कतारात रास लफानच्या गॅस प्लांटवर कंपनीची गाडी चालवतो, शेजारी अमेरिकन साहेब. दोन वर्षं रोज सकाळी साहेब त्याच्या गावच्या टीमची गोष्ट सांगायचा. नाव फुटबॉल, पण चेंडू हातात घिऊन पळत्यात, त्ये जाऊ द्या. गावात कारखाने जोरात व्हते तवा टीम उभी राहिली, आधी हरली, मग जिंकली, आन एक दिवस मालकानं नव्या स्टेडियमपायी अख्खी टीमच उचलून दुसऱ्या शहरात नेली. साहेबाचा बाप रिकाम्या स्टेडियमच्या गेटला धरून रडला. पुष्कळ वर्षांनी टीम गावात परत आली, तवा कुठं म्हातारा हसला. काय सांगू तुम्हाला, ती गोष्ट माझी व्हती, माझी.

मग आला सलीमभाई, रत्नागिरीचा फिटर, मागच्या सीटवर. नुसता रियली सर, रियली सर करायचा, आन साहेब मान वळवून त्यालाच सांगाया लागला. एक दिवस टीमची जुनी टोपी काढून त्याच्याच डोक्यावर. दोन वर्षं ऐकली मी, आन टोपी त्याला.

घेतला वॉकीटॉकी. साहेबाच्या आवाजात, सोप्या इंग्लिशमधी सलीमभाईला म्हणलं, आपली टीम परत विकली, परत गाव सोडून चालली. म्हणलं हा रडंल, आपण हसू. तर सकाळी हा बाबा टोपी छातीशी धरून गाडीत बसला, सर, व्हेरी सॉरी, टीम गॉन. साहेब पांढराफटक. तिथंच बापाला फोन लावला, आन म्हाताऱ्याचे हुंदके पार मला ऐकू आले. मग साहेबानं इचारलं, तुला कोण म्हणलं? तुम्हीच सर, वॉकीटॉकीवर. माझ्या नकला साहेबानं ऐकल्या व्हत्या, त्यानं माझ्याकडं बघितलं. गाडी थांबवायला लावली, उतरला, मागं सलीमभाईच्या शेजारी जाऊन बसला. बापाला समजावत राहिला.

संध्याकाळी रूमवर सलीमभाईनं धरला. अरे मेल्या, लाज वाटत नाय? त्या मालकानं स्टेडियमपायी टीम हलवली, तू एका टोपीपायी म्हाताऱ्याला परत त्या गेटवर नेऊन उभा केलास. आणि जळलास कुणावर? माझ्यावर? मला साहेबाचं इंग्लिश अर्धंमुर्धंच कळतं, म्हणून रियली सर म्हणतो. रोज वाटायचं, आपला मराठी पोरगा आहे, उतरल्यावर तरी ती गोष्ट मराठीत सांगेल. बस इथं. पहिल्यापासून सांग. आणि साहेबाचा आवाज काढलास तर थोबाड फोडीन, तुझ्या आवाजात सांग.