भोंग्याखालचं बाकडं

नाव रजिस्टरात आहे. छापखान्यात सगळे मला मास्तर म्हणतात. शिकवलं मात्र कधी कुणाला नाही. वय अठ्ठेचाळीस, धंदा पुस्तकबांधणी, राहणार छापखान्यामागच्या गल्लीत, आईसोबत. मला जन्मापासून ऐकू येत नाही. हवालदारसाहेब प्रश्न कागदावर लिहून देत आहेत. मी समक्ष बसून माझ्या हाताने जबाब लिहितो तो असा:

आज सकाळी आईच्या छातीत दुखू लागल्याने तिला सरकारी इस्पितळात भरती केलं. नातेवाइकांना आत थांबायला मनाई आहे. म्हणून खिडकीवरच्या कारकुनाला चिठ्ठी दिली, की मला ऐकू येत नाही, बोलावणं आलं तर हाताने बोलवा. त्यांनी मान डोलावली आणि बाकड्याकडे बोट केलं. मी तिथे बसलो. पुकारा करायचा भोंगा बरोबर त्या बाकड्याच्या वर, भिंतीला होता.

खिडकीत नावं दाखवणारा बोर्डही आहे. ऐकू न येणाऱ्यांच्या सोयीसाठी, असं त्याच्या पाठीवर लिहिलेलं आहे. मला पाठच दिसत होती. तोंड कारकुनाकडे होतं. असं का, म्हणून मी खुणेने विचारलं. त्यांनी मानेला हात लावून दाखवलं, की बोर्ड बाहेर वळवला तर वाकून बघावं लागतं आणि मान धरते. मी फार ताणलं नाही. प्रत्येक खिडकीशी भांडत बसायचं तर पुस्तकं कधी बांधायची? आता कंटाळा येतो.

दुपारपर्यंत मी जागचा हललो नाही. लघवीलाही उठलो नाही. मधे दोन-तीनदा माणसं माना वळवून कुणालातरी शोधू लागली. मीही त्यांच्यासोबत इकडेतिकडे बघितलं.

मग सिस्टर मला शोधत बाहेर आल्या. त्यांनी कागदावर लिहिलं, आई गेली. तुमची आठवण काढत होत्या, कितीदा पुकारलं, होता कुठे? मी बाकडं दाखवलं. त्यांनी वर भोंग्याकडे बघितलं आणि खाली बसून पुढे लिहिलं, सारख्या टाच आपटत होत्या हो, लागेल म्हणून मी पायाखाली उशी दिली.

आई मला टाच आपटूनच हाक मारते. घरची जमीन लाकडी आहे, हादरली की पायाला कळतं.

त्यानंतर मी कोपऱ्यातला फरशी पुसायचा दांडा घेऊन भोंगा पाडला. कुणालाही लागलेलं नाही. राग आला होता, अजून आहे. भोंगा मीच पाडला हे कबूल आहे.

रखवालदार मला धरून उभे होते, तेवढ्यात आतून कुणाचंतरी नाव आलं असावं. भोंगा तर राहिला नव्हता. कारकुनाने बोर्ड धरून बाहेर वळवला. एका हाताने वळला. बाकड्यावरची एक बाई तो वाचून उठली आणि आत गेली.

या कागदाच्या तळाशी जबाब वाचून दाखवला, तो ऐकला, असं छापलेलं आहे. तेवढं मी खोडलं आहे. मी स्वतः वाचला. लिहिलंय ते बरोबर आहे.