वैशाखात चढणारी विहीर

दंतकथा जन्मते कशी, असे तुम्ही मला नेहमी विचारता. एक दंतकथा तर मीच जन्माला घालणार होतो; थोडक्यात वाचलो.

माझी भाची मुग्धा देवासजवळच्या एका गावातील भूजलाचे संगणकीय प्रारूप तयार करीत होती. दरमहा ती विहिरींची पातळी मोजी आणि आकडे पंचायतीच्या फळ्यावर लावी. सगळ्या विहिरी प्रारूपाप्रमाणे वागत. गावातल्या दत्तूकाकांची मात्र वैशाखातही दीड हात चढे. सोमवारी इंदूरला सादरीकरण होते आणि या एका विहिरीपायी सारे प्रारूप खोटे ठरणार होते. मुग्धाने खडकात एक काल्पनिक भेग घालून पाहिली. मी देवीच्या गुप्त झऱ्याचे तीन पाठभेद जमवून दिले.

अखेर आम्ही न कळवता मोजणीच्या एक दिवस आधीच गेलो. विहिरीत टँकर रिकामा होत होता.

"काका, हे काय?"

"तू नापायला येतेस ना बेटा, म्हणून भरून ठेवतो," काका शांतपणे म्हणाले. "राजगढवाले आधी फळा वाचतात, मग मुलगी द्यायचं बघतात. कोरड्या विहिरीच्या घरात कोण देईल?"

"अहो, पण माझं काम बुडतंय."

"तुझं काम पुढच्या वर्षीही होईल. आमचा मुलगा बत्तीसचा झाला."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "भिया, तुम्हीच समजवा हिला."

मुग्धाने सोमवारी ती विहीर प्रारूपातून वगळली. कारणाच्या रकान्यात तिने लिहिले, ‘मुलाचे लग्न व्हायचे आहे.’